तारेचे दुसरे टोक

घरात नवी वस्तू आली की तिच्या पाठोपाठ नवे शब्द येतात. विजेवर चालणारी मोटार आमच्या दारी आल्यापासून आमच्या घरात 'टक्के' हा शब्द फार बोलला जातो. आम्ही दोघेही शिक्षक. उभी हयात मुलांचे टक्के मोजण्यात गेली. निवृत्तीनंतर तरी हा शब्द सुटेल अशी आशा होती, परंतु आता सकाळी चहाच्या आधीच प्रश्न येतो, "किती टक्के झाले?" आणि उत्तर नव्वदच्या पुढे असले म्हणजे एखादा ढ विद्यार्थी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्याचा आनंद दोघांनाही होतो.

मोटार कोणत्या कंपनीची, किती किमतीची, हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे. ती लहान आहे, तिच्या बॅटरीत २४ युनिटे वीज मावते आणि एका युनिटात ती साधारण आठ किलोमीटर जाते, एवढे पुढील विवेचनास पुरे. आमच्या भंडाऱ्याहून नागपूर साठ किलोमीटरच्या आसपास आहे. दवाखाना असो, सदरच्या महामंदिरातील एखादा सोहळा असो, की नातवंडांची भेट असो, आमची धाव बहुधा तेथवरच. जाऊन येऊन सोळा युनिटे खर्ची पडतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला आणि गाडीतील थंड हवा सुरू ठेवावी लागली, की हा हिशेब थोडा बिघडतो. महामार्गावर वेग वाढवला तर आणखी बिघडतो. मोटारीने आम्हांला सावकाश जाण्यास शिकवले, असे म्हणावयास हरकत नाही.

तिने शिकवलेली दुसरी गोष्ट जमिनीखालची आहे. आमचे घर जुने. पंधरा अँपिअरचा प्लग लावून झाला, तार जोडली, तरी चार्जर सुरू होईना. लाल दिवा दाखवून स्तब्ध राहिला. वायरमनने तपासून सांगितले, "घराला अर्थिंगच नाही." विजेची तार जिवंत असून भागत नाही; चुकून बाहेर पडलेली वीज निमूटपणे पोटात घेणारी भूमीही तिला लागते. मग अंगणात खड्डा खणला, तांब्याची पट्टी सोडली, आणि तिच्याभोवती लोणारी कोळसा व जाडे मीठ ह्यांचे थर घातले. मीठ मातीत ओल धरून ठेवते आणि ओल असली म्हणजे वीज मातीत सहज उतरते. उन्हाळ्यात ह्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने आपल्या शिष्यांना मिठाची उपमा दिली, ती आम्ही आजवर स्वयंपाकघरापुरती समजत होतो. कोणाच्या नजरेस न पडता मातीत राहावे आणि दुसऱ्याच्या जिवावरचा धक्का आपल्यात मुरवावा, हेही मिठाचे काम आहे, हे ह्या खड्ड्याने दाखवले.

ही वाहने नवी आहेत हा समज मात्र खरा नाही. कामिय जेनात्झी ह्या बेल्जियन गृहस्थाने १८९९ मध्ये विजेच्या गाडीतूनच ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली. आपल्या देशात १९९३ मध्ये केरळातील चालकुडीच्या एका कंपनीने 'लव्हबर्ड' नावाची छोटी विजेची मोटार तयार केली होती. २००१ मध्ये बंगळूरची 'रेवा' रस्त्यावर आली. आमच्या शेजारच्या नागपुरात २६ मे २०१७ रोजी विजेवरच्या टॅक्सींचा मोठा प्रकल्प थाटाने सुरू झाला आणि देशभर त्याचे कौतुक झाले. परंतु खुद्द आमच्या जिल्ह्याचा विचार केला तर पुढे गेले ते ई-रिक्षावाले. स्थानकापासून बाजारापर्यंत शाळकरी पोरे आणि भाजीच्या पाट्या वाहणारी ही माणसे आम्हां मोटारवाल्यांच्या कितीतरी आधीपासून रात्री दारात रिक्षा लावतात, तार जोडतात आणि पहाटे कामाला निघतात. त्यांना कोणी पर्यावरणाचे पाईक म्हटलेले आमच्या ऐकण्यात नाही.

वाट पाहणे हा ह्या वाहनाचा धर्म आहे. पेट्रोल भरण्यास पाच मिनिटे लागतात. घरच्या प्लगवर रिकामी बॅटरी भरण्यास आठ-नऊ तास. आम्हां निवृत्तांना वेळेची ददात नाही, म्हणून आम्हांला ह्याचे काही वाटत नाही. नागपूरच्या त्या टॅक्सीचालकांचे तसे नव्हते. चार्जिंगच्या रांगेत तासन् तास उभे राहावे लागते आणि दिवसाची कमाई बुडते, अशी त्यांची तक्रार २०१८ मध्ये वृत्तपत्रांतून आली होती. एकच प्रतीक्षा, पण एकाला ती वाचनाची सवड देते आणि दुसऱ्याच्या ताटातील भाकर नेते. ही गोष्ट तेव्हा आम्ही वाचली आणि विसरलो. पुढे ती निराळ्या वाटेने पुन्हा समोर आली.

त्याआधी रायपूरच्या वाटेवरचा प्रसंग सांगितला पाहिजे. एका नातलगाच्या लग्नास आम्ही राष्ट्रीय महामार्ग ५३ ने निघालो होतो. साकोली मागे पडली. पुढे एका ठिकाणी जलद चार्जर असल्याचे मोबाइल दाखवत होता. तेथे पोहोचलो तो यंत्र बंद, आणि ते केव्हा सुरू होईल हे सांगणारे कोणी नाही. बॅटरीत ३१ टक्के. ह्या अडचणीची एक गंमत आहे. पेट्रोल संपले तर कोणीतरी दुचाकीवाला बाटलीभर आणून देतो. वीज मात्र बाटलीतून येत नाही. दहा कुमारींच्या दाखल्यातील पाच शहाण्या कुमारींनी आपल्या तेलातले थोडे का दिले नाही, हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले हमखास विचारीत. त्या रणरणत्या दुपारी आम्हांला त्याचे एक उत्तर सुचले : काही गोष्टी ऐन वेळी उसन्या देता येतच नाहीत. तयारी ज्याची त्याने आधीच करावयाची असते.

परंतु दाखल्यात नसलेली एक गोष्ट आम्हांला मिळाली. तेथून थोड्या अंतरावर सिस्टरांचा एक मठ होता. ओळख ना देख, आम्ही दारात उभे राहून प्लग मागितला. मदरांनी धुण्याच्या खोलीतील पंधरा अँपिअरचा प्लग दाखवला, दोरीवरचे कपडे बाजूला केले आणि चार तास आम्हांला पोटच्या माणसांसारखे बसवून घेतले. जेवण झाले, वसतिगृहातील मुलींच्या कविता ऐकून झाल्या, आणि बारा युनिटे बॅटरीत उतरली. रायपूर गाठण्यापुरती ती पुरे होती. निघताना विजेचे पैसे पुढे केले तेव्हा मदर म्हणाल्या, "पाहुण्याला पाणी दिले तर आम्ही त्याचे पैसे घेतो का?" तेल उसने देता येत नाही हे खरे, पण घराचे दार आणि स्वतःचा वेळ देता येतो. ह्या वाहनाने आम्हांला पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभे राहून मागावयास लावले, ह्याचा खेद होण्याऐवजी आम्हांला बरेच वाटले. पेट्रोलच्या गाडीत बसून आम्ही ते विसरत चाललो होतो.

हा लेख खरे तर एवढ्यावरच थांबला असता. विजेच्या गाडीचे कौतुक आणि सिस्टरांचे आभार, एवढ्यावर. तो थांबला नाही ह्याला आमचा एक जुना विद्यार्थी कारण आहे.

हा विद्यार्थी लाखनी तालुक्यात धानाची शेती करतो. चैत्रातल्या एका संध्याकाळी तो तांदळाची पोती घेऊन आला. अंगणात मोटार उभी होती. रात्रभर चार्ज व्हावी म्हणून आम्ही नुकतीच तार जोडली होती. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, तारेवरून नजर फिरवली आणि हसून म्हणाला, "गुरुजी, तुमची गाडी झोपून जेवते. आमचा धान मातर आमाले जागवून पानी पेते."

ज्या वाचकांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी ह्या वाक्याचा अर्थ सांगतो. आमच्या जिल्ह्यात पावसाळी धानानंतर पाण्याची सोय असलेले शेतकरी उन्हाळी धान लावतात. त्याला मे महिन्यापर्यंत पाणी द्यावे लागते. कृषिपंपांची वीज चोवीस तास नसते. ती आळीपाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास मिळते. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असेल त्या आठवड्यात शेतकऱ्याने दहा-अकराच्या सुमारास बांधावर जावयाचे, मोटार सुरू करावयाची आणि बांध्यांतून पाणी फिरवीत पहाट करावयाची. अंधारात साप असतो, रानडुक्कर असते. आणि नागझिरा, कोका, उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही अरण्ये ज्या जिल्ह्याला लागून आहेत तेथे वाघ आणि बिबट ही केवळ पुस्तकातील चित्रे नसतात.

"पण आता बिल तर येत नाही ना?" आम्ही विचारले. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य शासनाने २०२४ पासून मोफत वीज दिली आहे, ते आम्हांला ठाऊक होते.

तो म्हणाला, "बिल माफ झाला, गुरुजी. रात कोठी माफ झाली?"

तो गेल्यावर आम्ही वही काढली. शिक्षकाला बेचैनी आली की तो गणित मांडतो. आमच्या एका नागपूर फेरीची सोळा युनिटे. पाच अश्वशक्तीचा पंप सुमारे चार तास चालावा एवढी ही वीज. ज्या रात्री आमच्या अंगणात ती गाडीत उतरते, त्या रात्री तेवढ्याच विजेसाठी एक माणूस हातात काठी आणि डोक्याला विजेरी बांधून बांधावर उभा असतो. आम्ही त्याची वीज पळवतो असे मात्र नाही. गावठाणाची वाहिनी निराळी आणि शेतीची निराळी. आम्ही तार काढली म्हणून त्याचा पंप दिवसा चालू होणार नाही. कायद्याच्या आणि तंत्राच्या दृष्टीने आमचा त्याच्याशी काही संबंध नाही. परंतु येरीहोच्या वाटेवरून बाजूने निघून गेलेल्या याजकाचाही त्या जखमी माणसाशी कायद्याने काही संबंध नव्हता.

मग तारेचे दुसरे टोक कोठे आहे, ह्याचा शोध घ्यावासा वाटला. त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नागपूरच्या वाटेवर मौद्याजवळ २,३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. पूर्वेस तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचे दुसरे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तिरोडा आमच्याच जिल्ह्यात होता. मौद्याच्या केंद्राला लागणारे पाणी गोसीखुर्दच्या जलाशयातून येते. त्या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. वैनगंगेकाठची कितीतरी गावे, त्यांतील देवळे, पार आणि स्मशाने ह्यांसह, त्याच्या पाण्याने उठवली. पवनीच्या बाजारात आजही जुन्या गावाच्या नावाने एकमेकांना हाक मारणारी माणसे भेटतात. आमच्या भिंतीवरचा प्लग म्हणजे त्या गावांच्या पाण्याचे आणि कोळशाच्या खाणीचे शेवटचे टोक होय.

आणि कोळसा किती? भारतातील विजेचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग अजून कोळशातून येतो. औष्णिक विजेच्या एका युनिटामागे साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे नागपूरला जाऊन येण्यासाठी कोठेतरी दहा-अकरा किलो. देशातील सर्व प्रकारच्या विजेची सरासरी धरली तर ह्या फेरीमागे अकरा-बारा किलो कर्बवायू हवेत जातो. पेट्रोलच्या तेवढ्याच मोटारीला सहा-सात लिटर लागले असते आणि पंधरा किलोच्या घरात कर्बवायू गेला असता. तेव्हा फायदा आहे. शहरातील रस्त्यावर आमच्या गाडीमागे उभ्या राहणाऱ्या पोराच्या नाकात धूर जात नाही, हा तर निश्चितच फायदा आहे. परंतु 'आमची गाडी धूर सोडत नाही' हे वाक्य अर्धेच खरे आहे. ती धूर सोडत नाही. तिचा धूर मौद्याचे अगर तिरोड्याचे धुराडे सोडते, आणि तो तेथील माणसांच्या वाट्यास येतो.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २४ मे २०१५ रोजी 'लाउदातो सी' ह्या विश्वपत्रावर स्वाक्षरी केली. त्यातील वसुंधरेविषयीचा कळवळा सर्वांच्या लक्षात राहिला. आमच्या धर्मग्रामातही त्यानंतर झाडे लावली गेली. परंतु सृष्टीचे दुःख आणि गरिबाचे दुःख ही दोन निराळी दुःखे नाहीत, एकाकडे पाहताना दुसऱ्याकडे पाठ फिरवता येत नाही, हा त्या पत्राचा खरा गाभा होता. डिसेंबर २०२४ मध्ये पोपमहोदयांना पूर्णपणे विजेवर चालणारे वाहन भेट मिळाले, ह्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली. त्याआधी सोळा वर्षे, २००८ मध्ये, पोप बेनेडिक्ट ह्यांच्या काळात व्हॅटिकनमधील पोप पॉल सहावे सभागृहाच्या छतावर सौर पत्रे बसवले गेले, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. आम्हांला हा क्रम बोधप्रद वाटतो. आधी छप्पर, मग गाडी. वीज कोठून येणार ह्याचा विचार आधी, आणि ती कशात घालावयाची ह्याचा विचार मागाहून.

आमच्याकडे गाडी आधी आली; छप्पर मागाहून आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने घरांवरील सौर पत्र्यांसाठी योजना सुरू केली. तीन किलोवॉटपर्यंत ७८,००० रुपयांचे साहाय्य तीत मिळते. भंडाऱ्याच्या उन्हाला कधी तोटा नसतो. तीन किलोवॉटचे पत्रे चांगल्या दिवशी बारा युनिटांच्या आसपास वीज देतात. आता आमची गाडी रात्री जेवत नाही. सकाळी नऊला तार जोडतो आणि ऊन कलले की काढतो. राज्यात १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच ह्या वेळेतील वापरासाठी दरात सवलतही मिळते. दुपारी सौर विजेची मुबलकता असते, हे त्याचे कारण. म्हणजे शासनानेही एका परीने मान्य केले आहे की दिवसा वीज पुष्कळ आहे.

येथेच आमचा प्रश्न उभा राहतो. दिवसा वीज पुष्कळ असेल, तर ज्याला ती दिवसा सर्वांत अधिक हवी आहे त्याच्या बांधावर ती अजून रात्री का जाते? असे नाही की कोणी विचार केला नाही. शेतीच्या वाहिन्या सौर विजेवर चालवून शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याची योजना राज्यात २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला, आणि अनेक वाहिन्यांवर दिवसा वीज पोहोचलीही आहे. आमच्या विद्यार्थ्याची वाहिनी अद्याप त्या यादीत आलेली नाही. दुसरीकडे राज्याच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या मोटारींना समृद्धी महामार्ग, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ह्यांवरील पथकर माफ केला. आम्ही ह्या सवलतीचे लाभार्थी आहोत. आमची वाट मोकळी करण्याचे काम किती तत्परतेने झाले, आणि त्याची रात्र माफ करण्याचे किती संथपणे होत आहे, एवढीच तुलना आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या जिल्ह्याला अशा वाटणीचा वारसा आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने येथे शेकडो तलाव बांधले. मालगुजारी तलाव म्हणून ते ओळखले जातात. तलाव कोणी बांधला हे महत्त्वाचे असे, पण त्याहून महत्त्वाचे असे ते पाणी कोणाच्या बांधीत केव्हा जाणार, हे. ती पाळी ठरवताना वरच्या शेताचा आणि खालच्या शेताचा विचार एकत्र करावा लागे. वरच्याने आधी पोटभर घ्यावे आणि उरलेले खालच्याला रात्री-अपरात्री सोडावे, ही रीत चालवून घेतली असती तर ते तलाव एवढी वर्षे टिकले नसते. वीजही असाच एक तलाव आहे, केवळ त्याचे पाणी दिसत नाही. आम्ही मोटारवाले त्याच्या वरच्या अंगाला राहतो.

गेल्या महिन्यात आमच्या विद्यार्थ्याने दिवसाच्या विजेसाठी गावच्या शेतकऱ्यांचा अर्ज लिहून घेतला. अर्जाची भाषा शुद्ध असावी म्हणून तो आमच्याकडे घेऊन आला होता. आम्ही ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. मग त्याच्या परवानगीने खाली एक ओळ वाढवली : ह्या मागणीस भंडारा शहरातील आम्ही घरगुती वीजग्राहकही पाठिंबा देत आहोत. त्या ओळीखाली आम्हां दोघांच्या सह्या झाल्या. रविवारच्या मिस्सेनंतर मंदिराच्या आवारात आणखी अकरा झाल्या. त्यांतील दोन ई-रिक्षावाल्यांच्या आहेत. कागद अजून आमच्या मेजावर आहे आणि खाली बरीच जागा कोरी आहे.